कोणत्या दारातून कोण?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, थांबला. मुंबईत फोर्टमध्ये बसलेल्या दलालाला जे दिसलं तेच नगरच्या सावेडीत किंवा संगमनेरात स्क्रीनसमोर बसलेल्यालाही दिसलं. भाव जागच्या जागी अडकले होते. दुसऱ्याच दिवशी फ्युचर्स-ऑप्शन्सच्या मासिक सौद्यांची मुदत संपत होती, त्यामुळे ज्यांचे सौदे मध्येच लटकले त्यांची चांगलीच पळापळ झाली. शेजारचा बीएसई मात्र चालू होता. एनएसईचे व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला.

महिनाभराने एनएसईने कारण सांगितलं. मुख्य डेटा सेंटर आणि मुंबई परिसरातलंच जवळचं राखीव केंद्र यांना जोडणाऱ्या लाइनी डळमळल्या होत्या. लाइनी दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या आणि रस्त्यालगतच्या खोदकामामुळे, बांधकामामुळे त्यांत बिघाड झाला होता. नगर-मनमाड रस्त्यावरून नेमाने जाणाऱ्या माणसाला खोदकामात केबल तुटली याचं नवल वाटायचं नाही. कोडं आहे ते पुढे. राखीव केंद्राकडे जाणारी लाइन बिघडली, तर मुख्य केंद्राने का बसकण मारावी? सौदे जुळवणारी यंत्रणा ठणठणीत होती. पण क्लिअरिंगचे आणि जोखीम तपासणीचे सर्व्हर ज्या स्टोरेजवर अवलंबून होते, त्या स्टोरेजनेच त्यांना माहिती देणं थांबवलं. जोखीम तपासता येत नाही म्हटल्यावर सौदे चालू ठेवणं धोक्याचं होतं. पुढे २०२३ मध्ये हे प्रकरण सेबीकडे तडजोडीने मिटलं. एनएसई आणि त्याची क्लिअरिंग कंपनी यांनी मिळून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली.

या स्टोरेज यंत्रणेला स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात, बोलीभाषेत ‘सॅन’. त्या दिवशीचं खापर एनएसईच्या निवेदनाने लाइनींवर आणि सॅनच्या वागण्यावर फोडलं होतं. कोणा स्विचच्या पोर्टवर नव्हे. तरीही सॅन समजून घ्यायची असेल तर सुरुवात पोर्टपासूनच करावी लागते. कारण कोणाला आत घ्यायचं, कोणाचं किती ऐकायचं आणि पलीकडचा गप्प झाला तर काय करायचं, हे प्रश्न पहिल्यांदा तिथेच उभे राहतात.

पासबुकातली नोंद राहते कुठे?

दूध संघाचं बिल खात्यावर जमा होतं, उसाचा हप्ता जमा होतो. शेतकरी पासबुक कोपरगावच्या शाखेत छापून घेवो की श्रीगोंद्याच्या, नोंद तीच उमटते. म्हणजे ती नोंद कोपरगावातही नाही आणि श्रीगोंद्यातही नाही. कोअर बँकिंग आल्यापासून शाखेत फक्त पडदा आणि प्रिंटर उरला; हिशेब दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेला.

डेटा सेंटरमध्येही एक वाटणी असते. हिशेब करणारे सर्व्हर एका कपाटात आणि नोंदी साठवणाऱ्या डिस्क दुसऱ्या कपाटात. पूर्वी दोन्ही एकाच डब्यात असायचं. सर्व्हर बंद पडला की त्याच्या पोटातली डिस्कही बंद. एका सर्व्हरची डिस्क तुडुंब आणि शेजारच्याची निम्मी रिकामी, असंही व्हायचं. म्हणून डिस्क बाहेर काढून एकत्र ठेवल्या. सर्व्हर आणि डिस्क यांच्यामध्ये काचेच्या तंतूच्या, म्हणजे फायबरच्या, केबली आल्या आणि त्या सगळ्या केबली जिथे येऊन भेटतात तो स्टोरेज स्विच आला. या कामासाठी जी पद्धत सर्वांत रुळली तिचं नाव फायबर चॅनेल. तिच्यावर काम १९८८ मध्ये सुरू झालं आणि १९९४ मध्ये तिला अमेरिकेची मानक म्हणून मान्यता मिळाली.

ऑफिसातला साधा नेटवर्क स्विच आणि हा स्विच दिसायला भाऊ-भाऊ वाटतात, पण स्वभाव वेगळा. ऑफिसातल्या नेटवर्कवर गर्दी झाली तर स्विच काही पाकिटं सरळ टाकून देतो; पाठवणारा ती पुन्हा पाठवतो, आणि वेबसाइट क्षणभर उशिरा उघडली इतकंच. डिस्कच्या बाबतीत हा ढिसाळपणा परवडत नाही. सर्व्हरला वाटत असतं की डिस्क आपल्याच पोटात आहे. तो फाइल मागत नाही, खातं मागत नाही. ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे’ किंवा ‘या ब्लॉकवर हे लिही’ एवढंच म्हणतो. ब्लॉक म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, परंपरेने ५१२ बाइटचा. एकमेकांची खबर नसलेले दोन सर्व्हर एकाच डिस्कवर लिहू लागले तर नोंदींची खिचडी होते, आणि ती निवडून काढणं जवळपास अशक्य असतं. म्हणून फायबर चॅनेलचा स्विच दोन बाबतींत फार कडक असतो. पलीकडे जागा आहे हे कळल्याशिवाय तो काही पाठवत नाही, आणि समोर कोण आहे हे कळल्याशिवाय तो दार उघडत नाही.

प्रवरेचा कालवा आणि सात नंबरचा अर्ज

हे दारांचं गणित नगर जिल्ह्यातल्या बागायतदाराला नवं नाही. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी नदीतून खाली संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापाशी येतं आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्यावर लोखंडी दारं असतात. दिसायला बरीचशी सारखी, पण काम दोन तऱ्हेचं. एक दार कालव्यातून शेताच्या चारीत उघडतं, तर दुसरं एका कालव्याचं पाणी पुढच्या कालव्यात किंवा वितरिकेत सोडतं.

चारीच्या दारापाशी पाटकऱ्याला एकच माणूस ओळखायचा असतो. त्या शेतकऱ्याने पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरलेला असतो, त्यात गट नंबर असतो, पीक असतं, क्षेत्र असतं. त्याची पाळी आली की दार उघडायचं. चूक झालीच तर एका शेताची होते. वितरिकेच्या तोंडाशी असलेल्या दाराची गोष्ट निराळी. त्याच्या पलीकडे एक शेत नसून अख्खी व्यवस्था आहे: तिचे पाटकरी, तिच्या चाऱ्या, तिच्या पाळ्यांची यादी. तिथे घोळ झाला तर टेलच्या शेवटच्या गावापर्यंत बोंब होते.

स्टोरेज स्विचवरही दारं याच दोन जातींची असतात. ज्याच्या पलीकडे सर्व्हर किंवा डिस्कचं कपाट असं एकच टोक आहे, ते एफ-पोर्ट. सर्व्हरच्या बाजूच्या टोकाला एन-पोर्ट म्हणतात. एन आणि एफ ही एकाच केबलची दोन तोंडं. ज्याच्या पलीकडे दुसरा स्विच आहे, ते ई-पोर्ट. ई-पोर्टची गाठ पलीकडच्या ई-पोर्टशीच पडते. असे जोडलेले सगळे स्विच मिळून जे जाळं तयार होतं त्याला फॅब्रिक म्हणतात. कालव्याचं पाणी एकाच दिशेने उतारावर वाहतं, इथे माहिती दोन्हीकडे धावते. एवढा फरक धरून चाललं तर दाखला पुढेही उपयोगी पडतो.

केबल खोचल्यावरचे पहिले काही क्षण

स्विचच्या पुढच्या अंगाला पोर्टच्या रांगा असतात. प्रत्येक खाचेत बोटाएवढं एक मॉड्यूल सरकवायचं, त्यात केबलची जोडटोकं खोचायची: एका तंतूतून प्रकाश जातो, दुसऱ्यातून येतो. पोर्टशेजारी बारीक दिवा. ब्रोकेड बनावटीच्या स्विचवर तो विझलेला असेल तर समोरून प्रकाशच येत नाही, स्थिर पिवळा असेल तर प्रकाश येतोय पण बोलणं जमलेलं नाही, स्थिर हिरवा असेल तर गाडी रुळावर. सावकाश लुकलुकणारा पिवळा म्हणजे दार कोणीतरी मुद्दाम बंद ठेवलंय.

प्रकाश आला की दोन्ही टोकं आधी वेग ठरवतात. पिढ्यांमागून पिढ्या हा वेग दुप्पट होत आलाय, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ गिगाबिट असा. जुनं टोक १६ चं असेल आणि नवं ३२ चं, तर १६ वर तह होतो.

मग येतो खरा प्रश्न: समोर कोण? दाराची जात आधी ठरवलेली नसेल तर स्विच ती बोलण्यावरून ओळखतो. समोरच्याने ‘मला फॅब्रिकमध्ये घ्या’ असा लॉगिनचा अर्ज पाठवला, तर तो सर्व्हर किंवा डिस्क. दार एफ झालं. समोरच्याने स्विच-स्विचमध्ये चालणारी अटींची देवाणघेवाण सुरू केली, तर तो स्विच. दार ई झालं. अजून काहीच न ठरलेल्या दाराला ब्रोकेड जी-पोर्ट म्हणतं. सिस्को कंपनीच्या एमडीएस जातीच्या स्विचमध्ये या सोयीला सरळ ‘ऑटो’ असं नाव आहे.

लॉगिनचा अर्ज म्हणजे फायबर चॅनेलचा सात नंबर. त्यात उपकरण आपला जन्मजात क्रमांक देतं. ६४ बिटांचा, कारखान्यात कोरलेला हा क्रमांक, वर्ल्ड वाइड नेम. बदल्यात स्विच त्याला २४ बिटांचा कामचलाऊ पत्ता देतो. पत्त्याचे तीन भाग असतात. पहिला स्विचचा क्रमांक, ज्याला डोमेन आयडी म्हणतात. मधला बहुतेक वेळा पोर्टचा. शेवटचा त्या पोर्टमागच्या उपकरणाचा. डोमेन १ च्या स्विचवर पोर्ट ७ ला सर्व्हर जोडला, की ब्रोकेडवर त्याचा पत्ता साधारण ०१०७०० असा दिसतो. तज्ज्ञ माणूस पत्ता वाचूनच केबल कुठे खोचलीय ते सांगतो.

पत्ता मिळाला म्हणून लगेच सगळ्या डिस्क दिसत नाहीत. कोणी कोणाला बघायचं याची यादी असते, तिला झोनिंग म्हणतात. पाळ्यांच्या यादीत नाव नाही त्याला पाणी नाही, तसंच इथे. ही यादी फॅब्रिकमधल्या सगळ्या स्विचना वाटली जाते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिच्यावरूनच रामायण घडतं.

चौकट: पोर्टच्या जाती थोडक्यात

• एन: सर्व्हर किंवा डिस्क-कपाटाच्या अंगावरचं टोक.
• एफ: एन-पोर्टसमोर उभं असलेलं स्विचचं दार.
• ई: एका स्विचमधून दुसऱ्या स्विचकडे जाणारं दार.
• टीई: सिस्कोचा ई-पोर्ट, एकाच केबलवरून अनेक आभासी सॅनची वाहतूक करतो.
• एफएल, एनएल: जुन्या वर्तुळाकार जोडणीतली दारं. एका वर्तुळात जास्तीत जास्त १२६ उपकरणं. आता क्वचितच दिसतात.
• जी: अजून जात न ठरलेलं दार, एफ किंवा ई होऊ शकतं.
• डी: तपासणीचं दार. केबल आणि मॉड्यूल धड आहेत का ते पाहण्यापुरतं. नेहमीची वाहतूक बंद.

‘ऑटो’ची सोय आणि तिची किंमत

स्विच इतका शहाणा असेल, दार स्वतः ओळखत असेल, तर माणसाने त्यात हात कशाला घालायचा? बहुतेक नवशिके इथेच थांबतात. केबल लावली, दिवा हिरवा झाला, चला जेवायला.

अडचण अशी की ‘ऑटो’ म्हणजे सर्वांना आमंत्रण. एखाद्या कार्यालयात जुना स्विच अडगळीतून काढून पुन्हा वापरायला घेतला, असं धरू. त्याच्या पोटात मागच्या जागेची झोनिंगची यादी तशीच आहे. कोणीतरी तो घाईत चालू फॅब्रिकच्या रिकाम्या पोर्टला जोडतो. दार ऑटोवर असल्याने ते आपणहून ई होतं आणि दोन्ही स्विच एकमेकांशी वाटाघाटी करू लागतात. दोघांचा डोमेन आयडी एकच निघाला, तर ते एकत्र येत नाहीत. दोन्ही याद्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तरी जोड अलग पडतो. हे दोन्ही प्रकार परवडले, कारण निदान काहीतरी अडलंय हे दिसतं. खरी भीती तिसऱ्या प्रकाराची. चालू फॅब्रिकमध्ये कोणी झोनिंग केलेलंच नसेल, तर पाहुण्या स्विचची जुनी यादी सगळीकडे पसरू शकते. त्या यादीत इथल्या सर्व्हरची नावं असायचं काही कारणच नाही. कालपर्यंत डिस्क बघणारे सर्व्हर आंधळे होतात, आणि दिवे मात्र सगळे हिरवे.

यावर उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणाही. प्रत्येक दाराची जात आधी कागदावर ठरवायची आणि मग स्विचला सांगायची. सर्व्हर आणि डिस्कची दारं एफ म्हणून बांधून टाकायची. स्विच-स्विचमधली मोजकी दारं ई. रिकामी दारं बंद. सिस्कोमध्ये त्या पोर्टवर जाऊन स्विचपोर्ट मोड एफ किंवा ई अशी आज्ञा द्यावी लागते. ब्रोकेडमध्ये उलटीकडून जाण्याचीही वाट आहे. एखाद्या दाराला ‘तू ई व्हायचं नाहीस’ असं बजावता येतं. मग त्या दारात कोणी स्विच आणून जोडला तरी फॅब्रिकमध्ये त्याचा शिरकाव होत नाही.

बांधून ठेवल्याचा त्रासही होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांनी दुसराच माणूस नवा स्विच जोडायला येतो. केबल नवी, मॉड्यूल नवं, प्रकाश येतोय, तरी जोड लागत नाही. तो केबल बदलतो, मॉड्यूल बदलतो, विक्रेत्याला फोन करतो. अखेर कोणीतरी विचारतं, दार एफवर बांधलेलं नाही ना? आधी स्क्रीन वाचली असती तर हे उत्तर दोन मिनिटांत मिळालं असतं. ब्रोकेडवर स्विचशो ही आज्ञा दिली की ओळीगणिक एकेक पोर्ट समोर येतो. कुठे ‘नो मॉड्यूल’, कुठे ‘नो लाइट’, कुठे ‘ऑनलाइन, एफ-पोर्ट’ आणि पुढे त्या उपकरणाचा जन्मजात क्रमांक. पोर्ट मुद्दाम बंद ठेवला असेल तर तेही तिथे लिहिलेलं असतं. विळद घाट, लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघून पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरांत रात्रपाळी करणाऱ्या मुलांनी या ओळी वर्तमानपत्रासारख्या वाचायला शिकावं.

समोर स्विच, तरी दार एफ

आतापर्यंतचा नियम सोपा होता. टोक असेल तर एफ, स्विच असेल तर ई. प्रत्यक्षात एक ठिकाण असं आहे जिथे हा नियम शिकलेला माणूस हमखास फसतो.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये ब्लेड सर्व्हर असतात. एका चौकटीत दहा-बारा सर्व्हर पुस्तकांसारखे उभे सरकवलेले आणि त्याच चौकटीत मागच्या बाजूला एक छोटा स्विच. अशा चौकटी वाढत गेल्या की छोटे स्विचही वाढतात. प्रत्येकाला ई-पोर्टने मुख्य स्विचशी जोडलं तर प्रत्येकाला डोमेन आयडी द्यावा लागतो, प्रत्येकाकडे झोनिंगची यादी जाते, आणि एकाने रीबूट घेतला तरी फॅब्रिकमध्ये सगळीकडे खबर फिरते. कागदोपत्री एका फॅब्रिकमध्ये २३९ डोमेन बसतात. पण कंपन्या पाठिंबा देतात तो त्याहून बऱ्याच कमी आकड्याला.

म्हणून या छोट्या स्विचला स्विचपण सोडायला लावतात. सिस्को या अवस्थेला एनपीव्ही म्हणतं, ब्रोकेड अ‍ॅक्सेस गेटवे. अशा वेळी छोटा स्विच मुख्य स्विचपुढे सर्व्हरच्या वेषात उभा राहतो आणि आपल्या मागच्या सर्व्हरचे अर्ज पुढे करतो. चारीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांचे अर्ज गठ्ठ्याने आणून देणारी पाणीवापर संस्था असते, तसा. मुख्य स्विचवर या केबलचं दार एफच ठेवायचं असतं, कारण अर्ज लॉगिनचे येणार आहेत, स्विचच्या वाटाघाटींचे नाहीत. शिवाय एका दारातून अनेक अर्ज स्वीकारण्याची परवानगी चालू असावी लागते. तिला एनपीआयव्ही म्हणतात. ती बंद असेल तर गंमत होते. पहिला अर्ज मंजूर होतो, दिवा हिरवा लागतो, आणि मागच्या सर्व्हरपैकी कोणालाच डिस्क दिसत नाही. समोर स्विचचा डबा दिसतोय म्हणून कोणी दार ई करून बसलं, तर हिरवा दिवाही लागत नाही.

नगर ते पुणे, १२० किलोमीटर

दाराची जात ठरली तरी एक आकडा उरतो, आणि ई-पोर्टच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. खालच्या चारीत जागा नसताना वरून दार उघडलं तर पाणी काठावरून फुटतं. फायबर चॅनेलमध्ये त्यावर बंदोबस्त आहे. जोड लागतानाच समोरचा सांगतो, ‘माझ्याकडे इतक्या फ्रेमची जागा आहे’. फ्रेम म्हणजे माहितीचा जास्तीत जास्त २११२ बाइटचा गठ्ठा. पाठवणारा एक फ्रेम पाठवतो आणि शिलकीतून एक वजा करतो. समोरच्याने ती हातावेगळी करून ‘जागा झाली’ असा निरोप दिला की शिलकीत एक मिळवतो. शिल्लक शून्य झाली की थांबायचं. या शिलकीला बफर क्रेडिट म्हणतात.

एकाच खोलीतल्या दोन कपाटांत हा निरोप चटकन परततो, मूठभर क्रेडिट पुरतात. अंतर वाढलं की हिशेब बिघडतो. काचेच्या तंतूत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. नगरहून पुणे रस्त्याने साधारण १२० किलोमीटर. एखाद्या संस्थेचं मुख्य केंद्र नगरला आणि राखीव केंद्र पुण्यात आहे आणि मध्ये थेट फायबर आहे, असं समजू. जायला ६०० मायक्रोसेकंद, निरोप परतायला ६००; मिळून सव्वा मिलिसेकंदाला थोडं कमी. तेवढ्या वेळात ८ गिगाबिटचा पोर्ट भरलेल्या शेकडो फ्रेम सोडू शकतो, फक्त क्रेडिट हवेत. ठोकताळा असा की ८ गिगाबिटला किलोमीटरमागे ४ क्रेडिट. म्हणजे नगर-पुण्यासाठी ४८०.

पोर्टकडे ८ च क्रेडिट ठेवले तर? तो ८ फ्रेम सोडतो आणि निरोपाची वाट बघत बसतो. लाइनचा साठावा भाग वापरला जातो, बाकी पैसे भरून घेतलेली लाइन मोकळीच. गंमत म्हणजे कुठलाच दिवा पिवळा होत नाही, कुठली चूक नोंदली जात नाही. तक्रार येते ती ‘रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही’ अशी. म्हणून लांबच्या ई-पोर्टला अंतर सांगून जास्तीचे क्रेडिट वेगळे काढून द्यावे लागतात. ते आभाळातून पडत नाहीत, स्विचच्या सामाईक साठ्यातूनच येतात. एका दाराला ४८० दिले की बाकीच्यांसाठी तेवढे कमी उरतात. दुष्काळी साल असेल तर आवर्तनात कोणाला किती द्यायचं यावर लोणी-श्रीरामपूरकडे जी चर्चा होते, तिचीच ही छोटी आवृत्ती.

वेग दुप्पट केला की गरजही दुप्पट होते. तोच १२० किलोमीटरचा फायबर ठेवून फक्त मॉड्यूल १६ गिगाबिटचं बसवलं तर ९६० क्रेडिट हवेत. नवं मॉड्यूल बसवूनही ‘स्पीड काही वाढला नाही’ अशी तक्रार आली, तर या आकड्याकडे आधी बघावं.

लाइन तुटली तर?

आता पुन्हा एनएसईकडे. दोन केंद्रांत एकाच वेळी लिहिण्याची पद्धत असते: सर्व्हरने एक नोंद लिहिली, ती जवळच्या राखीव केंद्रात पोचल्याची पावती आली, मगच ‘लिहिलं’ असं म्हणायचं. मुख्य केंद्र जळून खाक झालं तरी एक नोंद हरवत नाही. पैशांच्या व्यवहारात हे हवंच. पण प्रत्येक नोंद पावतीसाठी थांबणार, म्हणून हे सहसा शंभरेक किलोमीटरच्या आत करतात. चेन्नईसारख्या दूरच्या तिसऱ्या केंद्रात नोंदी थोड्या मागाहून पोचलेल्या चालतात. एनएसईची रचना अशीच होती: मुंबई परिसरात जोडी आणि लांबचं केंद्र चेन्नईत.

या जोडीच्या पद्धतीत एक पेच आधीच दडलेला असतो. मधली लाइन तुटली की मुख्य स्टोरेजला पलीकडून पावती येत नाही. आता त्याने काय करावं? एकट्याने लिहीत राहावं, म्हणजे काम चालू राहील पण त्या वेळापुरतं राखीव केंद्र मागे पडेल. की लिहिणंच थांबवावं, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या नोंदी सारख्याच राहतील पण काम बंद? पलीकडचं केंद्र खरोखर बंद पडलंय की फक्त लाइन गेलीय, हे मुख्य स्टोरेजला एकट्याने कळत नाही. दोघांनाही वाटलं की समोरचा मेलाय आणि दोघेही स्वतंत्र लिहू लागले, तर दोन वेगवेगळे हिशेब तयार होतात. ते टाळण्यासाठी थांबणं हा पर्याय काही अगदीच वेडेपणाचा नाही. कोणता पर्याय घ्यायचा, कोणत्या परिस्थितीत, किती सेकंद वाट बघून, हे सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. लाइन तुटल्यावर विचार करायला कोणाला सवड नसते. त्या बुधवारी लाइनी बिघडल्यावर मुख्य स्टोरेजने अपेक्षेप्रमाणे काम चालू ठेवायला हवं होतं, ते त्याने ठेवलं नाही.

पोर्टच्या पातळीवर यात दोन गोष्टी करता येतात. डळमळती लाइन तुटलेल्या लाइनीपेक्षा जास्त छळते. लाइन दर काही सेकंदांनी जाते-येते, दर वेळी ई-पोर्ट नव्याने वाटाघाटी करतो, आणि फॅब्रिकमध्ये दर वेळी खबर फिरते. म्हणून ठरावीक वेळात ठरावीक वेळा पडलेलं दार आपोआप बंद व्हावं, अशी मर्यादा घालता येते. दुसरी गोष्ट दोन केंद्रांमधली दारं वेगळ्या छोट्या जाळ्यात ठेवण्याची. मग लांबच्या लाइनीचा गोंधळ घरच्या सर्व्हर-डिस्कच्या दारांपर्यंत पोचत नाही. शिवाय प्रत्येक सर्व्हरला दोन स्वतंत्र फॅब्रिकमधून डिस्क दिसावी, आणि त्या दोन फॅब्रिकमध्ये एकही ई-पोर्ट नसावा, ही तर जुनी शिस्त. डाव्या कालव्याचं भगदाड उजव्याला कळायला नको.

बदल केला, पण जपला का?

दारांची जात ठरवून झाली, आज्ञा देऊन झाल्या, सगळं सुरळीत चालू आहे. अजून एक काम राहतं आणि ते बहुतेकदा विसरलं जातं.

सिस्कोच्या एमडीएस स्विचवर दिलेली आज्ञा लगेच लागू होते, पण ती चालू स्मृतीत असते. ती कायमच्या प्रतीत उतरवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. न दिल्यास स्विच पुढच्या वेळी सुरू होताना जुनी प्रत वाचतो, आणि एफवर बांधलेलं दार पूर्वीच्या मोडवर परत जातं. ब्रोकेडमध्ये याच जातीची दुसरी मेख आहे. पोर्ट बंद करण्याच्या दोन आज्ञा आहेत, एक तात्पुरती आणि एक कायमची. नुसती पोर्टडिसेबल दिली तर रीबूटनंतर दार पुन्हा उघडतं. कायमची दिली तरच बंद राहतं. नगरच्या एमआयडीसीत वीज गेली, यूपीएसनेही दम तोडला आणि पहाटे स्विच पुन्हा सुरू झाला, तर हे वर्षभरापूर्वीचे विसरलेले बदल त्या पहाटे एकदम उघडे पडतात. म्हणून बदल केल्यावर चालू प्रत आणि कायमची प्रत शेजारी ठेवून ताडून बघतात, आणि दोन्ही जुळल्या की ती फाइल स्विचबाहेर दुसऱ्या यंत्रावर तारीख घालून ठेवतात. सोबत पोर्टनिहाय तक्ताही असावा: पोर्ट क्रमांक, जात, पलीकडे कोण, केबलवरचा चिकटपट्टीचा नंबर, आणि लांबचा पोर्ट असेल तर त्याला दिलेले क्रेडिट.